विज्ञानाच्या बाई आणि आठची गोळी

आमच्या विज्ञानाच्या बाई साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या, नाडीचे. नगरहून येणारी एसटी फाट्यावर थांबली की दारातून आधी ते बूट दिसायचे, मग बाई, मग त्यांची कापडी पिशवी. पिशवीत शेंगदाणे, नेलकटर आणि एक स्टीलचा लाडवांचा डबा, ज्यात लाडू कधीच नसत. फाट्यापासून शाळा बरीच आत होती. कुणी मोटारसायकल थांबवून बसा म्हटलं तर बाई म्हणायच्या, पाय आहेत. आणि चालू लागायच्या. आभार मानणं त्यांना जमत नसे, आणि त्यांचे कुणी मानले तर ऐकूच न आल्यासारखं करायच्या.

आमचं गाव मिरजगावच्या अलीकडे, सोलापूरच्या हमरस्त्याला लागून. माझ्या अब्बांचं टायर-पंक्चरचं दुकान त्या फाट्यावरच होतं, म्हणून बाई रोज गावात पाऊल ठेवायच्या ते आमच्या दारातच. एकदा दुकानात ट्रकचं चाक खोलायला देऊन उभा असलेला एक ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला थुंकला. बाई थांबल्या. त्या थुंकीत काय काय असू शकतं, ते वाळल्यावर कुठं जातं आणि कुणाच्या छातीत शिरतं, हे त्यांनी त्याला सगळं सांगितलं. अब्बांनी गुपचूप स्टूल पुढं केलं, तर बाई त्यावर बसून पुढचं बोलल्या. चाक बसवून होईपर्यंत ड्रायव्हर हातात गमछा धरून उभा होता. त्या गेल्यावर अब्बा म्हणाले, बाई थोडी सरकलेली आहे, पण खोटं बोलत नाही. अब्बांकडून एवढी तारीफ फार थोड्यांना मिळायची.

गावात मात्र त्यांना कसलंबाई म्हणत. त्याचं कारण असं, की बाईंसमोर कुणी ‘तसलं काहीतरी’ म्हणालं की त्या लगेच विचारायच्या, तसलं म्हणजे कसलं? मुलगी पोटात दुखतंय म्हणाली तर, पोटात कुठं? पाळी आली आहे का? हे त्या भर व्हरांड्यात, ऑक्सिजनचं सूत्र विचारावं तशा आवाजात विचारायच्या. पहिल्या वर्षी आम्ही पोरी त्यांच्यापासून लपून राहायचो. दुसऱ्या वर्षी काही झालं की त्यांच्याकडेच जायचो, कारण तिथं एकदाचं सगळं बोलून व्हायचं.

लाडवांचा डबा चिठ्ठ्यांसाठी होता. दर शुक्रवारी तो वर्गात फिरायचा. मनात येईल तो प्रश्न लिहायचा, नाव घालायचं नाही. मग बाई एकेक चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचायच्या आणि उत्तर द्यायच्या. प्रत्येक चिठ्ठीला उत्तर. मागच्या बाकावरच्यांनी एकदा मुद्दाम घाणेरडा शब्द घालून प्रश्न टाकला. बाईंनी तो जसाच्या तसा वाचला, फळ्यावर लिहिला, शेजारी पुस्तकातला शब्द लिहिला आणि म्हणाल्या, प्रश्न चांगला आहे, शुद्धलेखन वाईट आहे. मग पाच मिनिटं त्याचं उत्तर दिलं. वर्ग हसायला टपलेला होता, पण हसण्यासारखं काही उरलंच नाही.

नववीच्या पुस्तकात एचआयव्हीवर दीड पान होतं. आमच्या आधीच्या तुकड्यांना ते दीड पान घरी वाचून या म्हणून सांगितलेलं होतं. बाईंनी त्यासाठी तीन तास घेतले, तेही मुलं-मुली एकत्र बसवून. पहिल्या तासाला त्यांनी तो कसा पसरतो ते सांगितलं. निरोध न वापरता ठेवलेला शरीरसंबंध, दूषित रक्त आणि सुई, आईकडून बाळाला. आणि कसा पसरत नाही तेही सांगितलं, आणि ही दुसरी यादी पहिल्यापेक्षा कितीतरी मोठी होती. दुसऱ्या तासाला त्या आम्हाला खो-खोच्या मैदानावर घेऊन गेल्या.

तो तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. वीसेक जणांना त्यांनी हात धरून गोल उभं केलं. ही कातडी. आतली उंच, दांडगी मुलं म्हणजे लढणाऱ्या पेशी. आणि पीटीच्या सरांकडून आणलेल्या चार शिट्ट्या चार जणांच्या गळ्यात. त्या मदतनीस पेशी. त्यांनी स्वतः लढायचं नाही, कुणी आत आलं की शिट्टी वाजवायची. शिट्टी वाजली तरच लढणाऱ्यांनी धावायचं, एरवी जागचं हलायचं नाही. आधी बाईंनी सर्दीचा जंतू म्हणून एकाला आत सोडलं. शिट्टी वाजली, आणि त्या बिचाऱ्याला पोरांनी असं उचललं की त्याच्या सदऱ्याची गुंडी तुटली.

मग एचआयव्ही आला. बाईंनी त्याला बजावलं होतं, पळायचं नाही, शांत चालायचं. तो सरळ शिट्टीवाल्याकडे गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या शिट्टीवाल्यानं शिट्टी खिशात घालून आता त्याच्याच माणसासारखं वागायचं, पुढच्या शिट्टीवाल्याकडे जायचं. आम्हाला वाटलं होतं खूप मारामारी होईल. काहीच झालं नाही. बाई बाहेरून सांगत होत्या, हे असंच कितीतरी वर्षं चालतं, माणूस बाहेरून ठणठणीत दिसतो, त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. चारही शिट्ट्या खिशात गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. मी वर्गात सगळ्यात लहानखुरी होते. मला म्हणाल्या, तू टीबी. जा आत.

मी आत गेले. ती दांडगी पोरं शिट्टीची वाट बघत उभीच होती. मी त्यांच्या मधून चालत गेले, एकाच्या पायावर पायसुद्धा दिला, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोहोचले. मला कुणी अडवलं नाही. बाई म्हणाल्या, बघा, एचआयव्हीनं कुणालाच मारलं नाही. त्यानं फक्त शिट्ट्या बंद केल्या.

शेवटी त्या स्वतः मैदानात आल्या. मी औषध, म्हणाल्या, आणि त्यांनी एचआयव्ही बनलेल्या मुलाचं मनगट पकडलं. खिशातली एक शिट्टी पुन्हा बाहेर आली, मग दुसरी. “मी याला बाहेर काढू शकत नाही,” बाई म्हणाल्या. “पण धरून ठेवू शकते. मी याला धरलंय तोवर ज्याच्या अंगात हा शिरलाय तो माणूस शाळा शिकेल, नोकरी करेल, म्हातारा होईल. फक्त माझा हात बारा तासांनी सैल होतो. म्हणून सकाळी समजा आठला गोळी घेतली, तर संध्याकाळी आठलाच दुसरी. साडेआठला नाही.”

त्या वेळी दिवसातून दोनदा गोळ्या असायच्या. आता बहुतेकांना एकच असते म्हणे.

आता एका मुलीबद्दल सांगायला हवं. तिला मी इथं रोहिणी म्हणते, ते तिचं नाव नाही. ती आठवीत आमच्या शाळेत आली, आईच्या आईकडे राहायला. आईबाप दोन्ही गेलेले होते, कशानं ते आजी नीट सांगत नसे, अपघात म्हणायची. रोहिणी माझ्याच बाकावर बसायची. अक्षर किरटं, गणित फार चांगलं, आणि हसताना तोंडावर हात. महिन्यातून एक दिवस ती गैरहजर असायची, आजीबरोबर नगरला जायची. आजीच्या गुडघ्यासाठी, असं तिनं मला सांगितलं होतं आणि मी ते खरं धरून चालले होते.

शनिवारी आमची सकाळची शाळा असायची, साडेसातची. प्रार्थना झाली की मैदानावर कवायत. कवायतीच्या मध्येच रोहिणी पाणी प्यायला म्हणून टाकीकडे जायची. पीटीचे सर इतर कुणाला सोडत नसत, तिला सोडायचे. मैदानावरच्या त्या तासानंतरच्या शनिवारी ती टाकीकडे निघाली आणि मी सहज ऑफिसच्या खिडकीतून दिसणाऱ्या घड्याळाकडे पाहिलं. आठ. टाकीच्या आडोशाला तिनं हात तोंडाकडे नेला, मग पाणी प्यायली. त्याआधीचे सगळे शनिवार एकदम माझ्या डोळ्यांपुढे आले. नगरची फेरी आली. आईबाप आले.

शाळा सुटल्यावर घरी जाताना मी ते वैशालीला सांगितलं. वैशाली माझी मैत्रीण, तिचे वडील शाळेच्या पालक समितीत होते. सांगताना मला अजिबात वाईट वाटलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. उलट आनंद झाला होता, अवघड गणित सुटल्यावर होतो तसा. बाईंनी शिकवलेलं मला इतकं नीट कळलं होतं.

सोमवारी रोहिणीच्या मागच्या बाकावरच्या दोघी उठून पुढं बसल्या. मंगळवारी पाण्याच्या टाकीवर एक वेगळा पेला आला, त्याच्या बुडाला लाल रंग फासलेला. तो कुणी ठेवला ते कधीच कळलं नाही. बाईंनी तो उचलून प्रयोगशाळेत नेला आणि त्यात खडूचे तुकडे ठेवले. घरी अम्मीला कुठून तरी समजलं. तिनं मला जवळ बसवून, आवाज खाली आणून, बाक बदलायला सांगितलं. मी बुधवारी बाक बदलला. रोहिणीनं माझ्याकडं पाहिलं, मग माझी राहिलेली पट्टी उचलून माझ्या नव्या बाकावर आणून ठेवली आणि परत जाऊन बसली.

त्याच दिवशी काही पालक हेडमास्तरांकडे आले. पोरगी दुसऱ्या शाळेत टाका, नाहीतर आम्ही आमची काढतो, असं म्हणणं होतं. हेडमास्तर भला माणूस होता, पण त्याला कुणाचाच राग सहन होत नसे. त्यानं दोन्ही बाजूंना माना डोलावल्या आणि बाईंना बोलावलं. बाईंनी सांगितलं, शनिवारी शाळा सुटल्यावर सभा घेऊ, पण नुसते बाप नकोत, आया आल्या पाहिजेत. आया नसतील तर मी बोलणार नाही.

वर्गात त्यांनी कोण बोललं म्हणून विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या की ही गोष्ट माझ्या तासातून बाहेर गेली आहे. ते ऐकल्यावर मला बसवेना. मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत गेले. बाई खिडकीशी नखं कापत होत्या.

मी म्हणाले, मी सांगितलं. त्यांनी नेलकटर खाली ठेवलं नाही. कुणाला, विचारलं. कधी? कुठं? तू नक्की काय पाहिलंस? प्रयोगाच्या वहीत लिहायच्या असतात तशा सगळ्या गोष्टी त्यांनी क्रमानं विचारल्या आणि मी रडत रडत सांगितल्या. मग त्यांनी शेवटचं नख पूर्ण केलं.

“तिच्या आजीनं मला वर्षापूर्वी सांगितलं होतं, शनिवारी सोडावं लागेल म्हणून,” बाई म्हणाल्या. “मला उदाहरण देताना सातही म्हणता आलं असतं, नऊही म्हणता आलं असतं. माझ्या तोंडून आठ गेलं. तू फक्त घड्याळ पाहिलंस.”

मी आणखी रडायला लागले, तर त्या म्हणाल्या, रडून तिचा काही फायदा नाही. मग त्यांनी माझी वही मागितली, दोन पानं चाळली आणि शनिवारी सभेला थांब म्हणाल्या. तुझं अक्षर चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी परत माझ्या जुन्या बाकावर जाऊन बसले. अम्मीला सांगितलं नाही. रोहिणीला सांगितलं, की मीच बोलले.

“मला ठावं हाय,” ती म्हणाली. “शनिवारी तू घड्याळाकडं बघत हुतीस, तवाच.”

मी माफी मागितली. बसायला तिनं मला अडवलं नाही, पण त्यानंतर दहावी होईपर्यंत, वही-पेन्सिलीपुरतं सोडलं तर ती माझ्याशी बोलली नाही.

शनिवारी व्हरांडा भरला. पुरुष खुर्च्यांवर आणि कट्ट्यावर, बाया खाली सतरंजीवर, पदर ओढून. रोहिणीची आजी खांबाला टेकून एकटी बसली होती, तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी. अम्मीही आली होती, बुरख्यात, अगदी कडेला. बाईंनी भाषण केलं नाही. त्यांनी पिशवीतून लाडवांचा डबा काढला, कागदाच्या चिठ्ठ्या वाटल्या आणि आम्हाला सांगतात तेच सांगितलं. प्रश्न लिहा, नाव लिहू नका. मग म्हणाल्या, ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मागच्या वर्गात या मुलीला कानात सांगावं, ती लिहील. आणि माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “तू लिहायचं आणि विसरायचं.”

मी चौदा वर्षांची होते. मागच्या वर्गात बाकावर बसले आणि एकेक बाई आत येऊन माझ्या कानाशी वाकायची. तंबाखूचा, मिश्रीचा, घामाचा वास. काहीजणी आधी दार लोटून घ्यायच्या. ज्या पोरीनं गावभर केलं तिच्याच कानात त्या बोलत होत्या, हे त्यांना ठाऊक नव्हतं, मला होतं. मी खाली मान घालून लिहीत राहिले.

सगळ्यांचं झाल्यावर मी व्हरांड्यात येऊन सतरंजीशी उभी राहिले आणि बाईंनी चिठ्ठ्या वाचायला सुरुवात केली. डास चावला तर होतो का. नाही. एका पेल्यातून पाणी प्यायल्यानं? नाही. एका बाकावर बसून, शिंकेतून, एका तव्यावरच्या भाकरीतून? नाही, नाही, नाही. नवऱ्याला असेल तर बायकोला व्हायलाच पाहिजे का. इथं बाईंनी निरोधाचं सगळं सविस्तर सांगितलं, आणि एक म्हातारे गृहस्थ उठून तावातावानं निघून गेले. बाईंनी मागून सांगितलं, तुमची काठी राहिली. ते परत आले, काठी घेतली, आणि आता परत जावं की नाही या विचारात तिथंच उभे राहिले. शेवटपर्यंत होते.

मग त्यांनी माझ्या अक्षरातली एक चिठ्ठी उघडली. मालक गाडीवर असतात. दोन-दोन महिने येत नाहीत. आले की खोकतात. मला तपासून घ्यायचं असेल तर गावाला न कळता कुठं जाऊ.

बाईंनी ती चिठ्ठी घडी करून डब्याच्या तळाशी ठेवली. मग त्यांनी सांगितलं, नगरच्या सरकारी दवाखान्यात कुठल्या मजल्यावर, कुठल्या दारात, तिथं आधी काय विचारतात, रक्त किती घेतात, निकाल कुणाला सांगतात आणि कुणाला सांगत नाहीत. आणि म्हणाल्या, मी रोज संध्याकाळी एसटीनं नगरला परत जाते. ज्या बाईला यायचं असेल तिनं माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसावं. काही बोलायची गरज नाही.

तेव्हा वैशालीचे वडील उभे राहिले. वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता.

“ते समदं ठीक हाय, बाई,” ते म्हणाले. “पन त्या पोरीला हाय का न्हाई, तेवढं सांगा. आमची लेकरं तिच्यासंगं बसत्यात.”

गावातल्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर देणाऱ्या आमच्या बाई म्हणाल्या, “सांगणार नाही.”

ते म्हणाले, म्हंजे हाय.

“म्हणजे सांगणार नाही,” बाई म्हणाल्या. “आत्ता ज्या बाईची चिठ्ठी वाचली, तिचं नाव सांगू का? लिहिणारीला माहीत आहे. ती इथंच आहे.”

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी सतरंजीच्या एका टोकाकडे बघत होते, आणि मग लक्षात आलं की मी जिथं बघीन तिथं सगळे बघतील, म्हणून डोळे मिटून घेतले. बायांमधून कुणाचा तरी आवाज आला, मोठा नाही. “नगं. कुनाचंबी नाव नगं.” मग दुसरीनं तेच म्हटलं. वैशालीचे वडील उभेच होते, त्यांच्या बायकोनं त्यांचा सदरा ओढून त्यांना खाली बसवलं.

सभेत ठराव झाला नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चौघांनी पोरं काढली, त्यातल्या तिघांनी दिवाळीनंतर परत आणून बसवली. रोहिणी शाळेत राहिली. शनिवारी आठला ती पाणी प्यायला जायची तेव्हा बाई आम्हा सगळ्यांनाच पाणी प्यायला सोडायला सांगायच्या. संस्थेकडून बाईंना लेखी खुलासा मागणारं पत्र आलं. त्यांनी त्यातल्या व्याकरणाच्या चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या, खाली ‘मी धडा शिकवला’ एवढंच लिहिलं आणि परत पाठवलं. त्यांची पगारवाढ अडली असं म्हणत.

त्या आठवड्यानंतर दुकानावर बसलेल्या अब्बांनी मला एकदा सांगितलं की संध्याकाळच्या गाडीला बाईंबरोबर कधी कधी एखादी बाई चढते. कोण ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्या दिवशी चिठ्ठी सांगणारी कोण होती हे मला आजही आठवतं. विसरायचं म्हणाल्या होत्या, तेवढं मला जमलं नाही. पण मी ते नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

बाईंचं कुणीतरी या आजारानं गेलं असणार, असं गावात पक्कं ठरलेलं होतं. कुणी भाऊ म्हणे, कुणी लग्न ठरलेला मुलगा. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं, म्हणून ही गोष्ट लोकांना आवडायची. दहावीच्या निरोपाच्या दिवशी मी धीर करून विचारलं. बाई माझ्याकडे, मी काहीतरी फार मूर्खपणाचं बोलल्यासारखं बघत राहिल्या. “कुणी मेलंच पाहिजे का? पुस्तकात धडा आहे, म्हणून शिकवते.”

आता मी कर्जतला राहते. तहसील कचेरीसमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवते. लोक येतात, वाटणीपत्र, सोडचिठ्ठी, वारसाचा अर्ज, काय काय सांगतात, मी टाइप करते. रोहिणीचा मला मागच्या वर्षी अचानक फोन आला, कुठल्याशा दाखल्याच्या कामासाठी. तिला वैशालीनं माझा नंबर दिला होता. ती पुण्याकडे एका कारखान्यात हिशेबनीस आहे, लग्न झालंय, नवऱ्याला सगळं ठाऊक आहे, आणि चार वर्षांची मुलगी आहे. मुलीला नाहीये, हे तिनं मी न विचारता सांगितलं. काम झालं, आणि तिनं फोन ठेवण्याआधी माझ्या मुलांची नावं विचारली.

हे बाईंना सांगावं म्हणून मी दिवाळीच्या सुट्टीत नगरला गेले. सत्तरी आली असेल त्यांची. दोन खोल्यांत एकट्या राहतात, वरच्या मजल्यावरच्या पोरांना फुकट शिकवतात आणि ओरडतात. रोहिणीचं ऐकून त्यांनी मान हलवली, म्हणाल्या, छान, वजन किती आहे तिचं? ते मला ठाऊक नव्हतं. मग मी इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं, की आमच्यानंतरच्या वर्गांना त्यांनी ती गोळीची वेळ सांगितली का. बाई म्हणाल्या, पहिल्या वर्षी वगळली. तर मुलं म्हणाली, मग सुट्टीत विसरलं तर काय बिघडतं. म्हणून पुढच्या वर्षी परत घातली. फक्त तेव्हापासून मी पाच म्हणायचे, पहाटे पाच आणि संध्याकाळी पाच.

निघताना त्यांनी विचारलं, तुझी मोठी किती वर्षांची? मी म्हणाले, बारा. तिला हे सगळं सांगितलंस का? मी म्हणाले, अजून लहान आहे. बाईंनी माझ्याकडे रोखून बघितलं. मी चपला घालून जिना उतरले तरी त्या वरून बघतच होत्या.

त्या रविवारी दुपारी मी मुलीला घेऊन बसले. आधी अडखळले, मग सांगत गेले. शरीर कसं चालतं, पेशी काय करतात, तो कसा येतो, कसा येत नाही. आणि मग, ठरवलं नव्हतं तरी, बाकीचंही सांगितलं. टाकी, घड्याळ, वैशाली, सभा. मी काय केलं तेही. ती पाय पोटाशी घेऊन ऐकत होती. मला वाटलं ती माझ्यावर रागावेल, किंवा बाई किती धीट होत्या असं काहीतरी म्हणेल.

“अम्मी,” ती म्हणाली, “त्या मुलीला आधी कुणी विचारलं होतं का?”

काय विचारलं होतं का, मी म्हणाले.

“की हा धडा शिकवू का. आणि सभा घेऊ का. तिला काय पाहिजे ते.”

त्या आठवड्यातले सगळे दिवस मनात परत चालून पाहिले. हेडमास्तर, पालक, बाई, आजी, मी. मग फोन उचलला आणि बाईंना लावला. मुलीचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला.

पलीकडे बाईंनी शिकायला आलेल्या पोरांना गप्प बसवलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.”

मी काहीतरी समजूत काढायला लागले, तेव्हा परिस्थितीच तशी होती वगैरे. त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि रोहिणीचा नंबर मागितला. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. प्रत्येक आकडा त्यांनी दोनदा म्हणून खात्री केली. मग विचारलं, रविवारी या वेळी ती घरी असते का?